अक्षरी एकोणपन्नास लाख फक्त

ती आली तेव्हा भावोजी चष्मा शोधत होते आणि चष्मा त्यांच्याच कपाळावर होता. ताईंनी तो बोटाने खाली ओढला आणि आलेल्या मुलीला बसायला सांगितलं.

ताई खासगी तपास करत. त्याआधी तीस वर्षं त्या टपाल खात्यात होत्या. पत्ता न लागणारी पत्रं चाळून ती योग्य दारी पोचवायची, हे त्यांचं काम. भावोजी म्हणजे त्यांच्या वारलेल्या धाकट्या बहिणीचे यजमान. बायको गेल्यापासून त्यांना घर खायला उठायचं, म्हणून ते रोज इथे येऊन बसत. आपण ताईंना मदत करतो असा त्यांचा समज होता आणि ताईंनी तो कधी मोडला नव्हता.

मुलगी नर्सच्या गणवेशात होती. तिने एक झेरॉक्स पुढे सरकवली.

"माझे बाबा नगरपालिकेत लेखापाल होते. गेल्या सोमवारी त्यांनी हे ऑफिसात नेऊन दिलं. तासाभरात त्यांना निलंबित केलं. घरी यायला निघाले आणि ऑफिसच्या जिन्यातच कोसळले, ते गेलेच. आता आईचं पेन्शन अडवलंय. बाबांनी ऑफिसचं साधं पेन कधी घरी आणलं नाही हो!"

भावोजींनी मोठ्याने वाचलं. "पाणीपुरवठा दुरुस्ती खात्यातील ५९ लाखांचा, अक्षरी एकोणपन्नास लाख फक्त, अपहार माझ्या हातून झाला आहे. संबंधित फाइल मीच नष्ट केली आहे." खाली सही आणि रविवारची तारीख होती.

"अक्षर त्यांचंच?" ताईंनी विचारलं.

"त्यांचंच. तेच तर कळत नाही."

"झेरॉक्स मळकट आलीय," भावोजी म्हणाले. कागदावर पुसट, उलटी अक्षरं उमटली होती. "मशीन पुसत नाहीत लेकाचे."

"घरी कोण कोण?"

"आई-बाबा दोघंच. मी आणि माझे मिस्टर पलीकडच्या चौकात राहतो. मिस्टर अध्यक्षांचे पीए आहेत. ते म्हणतात विषय वाढवू नकोस, बाबांचीच बदनामी होईल."

ताईंचं लक्ष तिच्या सोललेल्या तळव्यांकडे गेलं.

"बादल्या वाहून," ती ओशाळून म्हणाली. "इस्पितळात आमच्या वॉर्डातल्या नळांना दोन वर्षं पाणी नाही."

नगरपालिकेच्या रेकॉर्ड खोलीतल्या म्हाताऱ्या कारकुनाला सगळे 'फडताळ' म्हणत. कोणता कागद कुठे आहे ते त्याला डोळे मिटून सांगता येई. लेखापालांचं नाव काढताच तो मिटलेले डोळे पुसायला लागला.

"असा माणूस होणे नाही. आकडा आणि अक्षर जुळलं नाही की कागद रद्द समजून परत! अध्यक्षांच्या ऑफिसचं बिल तीनदा परत पाठवलं होतं. आणि पाठकोरा कागद तर टेबलाला लागू द्यायचे नाहीत. आमच्या विभागात सगळं कोऱ्या कागदावरच."

फाइल गेली होती, पण तिचा गोषवारा शिल्लक होता. ताईंनी बोट ठेवलं तिथे भावोजींनी वाचलं. इस्पितळाची जलवाहिनी दोन वर्षांत दोनदा नवी टाकली होती.

"चांगलं काम केलंय," भावोजी म्हणाले. ताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

अध्यक्षांना गावभर 'ठिगळसाहेब' म्हणत, कारण कोपरावर ठिगळ लावलेल्या कोटाशिवाय ते सभेत उभे राहत नसत. निवडणूक तोंडावर आली होती. टेबलावर जुन्या छापील कागदांच्या चळती होत्या.

"आमच्या ऑफिसात पाठकोरे कागदच वापरतात," ते अभिमानाने म्हणाले. "जनतेचा पैसा आहे. पाच वर्षांत कार्यालयाचा खर्च मी निम्म्यावर आणला."

"प्रवास, पाहुणचार, बंगला?"

"सगळं निम्मं. लेखापाल बिचारा मोहाला बळी पडला. वाईट वाटतं."

गालिचा इतका नवा आणि जाड होता की भावोजींचे बूट त्यात रुतत होते. बाहेर येताना त्यांनी अंगणातल्या गाड्या मोजल्या. तिन्ही कोऱ्या करकरीत होत्या.

पीए बाहेरच्या टेबलाशी बसला होता. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले.

"बिलांवर सही कोण करतं?" ताईंनी विचारलं.

"मीच. अध्यक्ष कशावरच सही करत नाहीत."

"रविवारी कुठे होतात?"

"घरी. दिवसभर एकटाच. ही ड्युटीवर होती."

शेवटी लेखापालांच्या पत्नी. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि बोलताना पदराचं टोक पिळत होत्या.

"रविवारी परकं कुणी आलं नाही. तीन ताटं वाढली होती, पण घास कुणालाच उतरला नाही. मग ह्यांनी मला भाजीला पाठवलं. परत आले तर हे नुसते खिडकीशी बसलेले."

रस्त्यात भावोजींची ट्यूब पेटली. "ताई, त्या कागदात चूक आहे! आकड्यात एकोणसाठ, अक्षरात एकोणपन्नास. हे एकोण शाळेतही मला छळायचे."

"तुम्हाला छळायचे," ताई म्हणाल्या. "त्यांना नाही."

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. बातमी सुखाची असती तर ताई वाटेतच सांगून मोकळ्या होत, हे भावोजींना अनुभवाने ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेखापालांच्या घरी ताईंसमोर चौघं जमली. मुलगी, तिचा नवरा, तिची आई, आणि दाराशी भावोजी.

"अध्यक्षांनी खर्च कमी केला नाही," ताईंनी सुरुवात केली. "खर्चाचं घर बदललं. गाड्या, गालिचे, पाहुणचार, सगळं पाणीपुरवठ्याच्या खात्यात टाकलं. कागदावर इस्पितळाची जलवाहिनी दोनदा बदलली आणि ही पोरगी बादल्या वाहतेय. लेखापालांनी ते पकडलं."

"मग त्यांनी हे का लिहिलं?" मुलीने विचारलं.

"कागद बघ. हा मशीनचा मळ नाही, मागच्या बाजूचा छापील मजकूर आहे. पाठकोरा कागद तुझ्या बाबांनी आयुष्यात वापरला नाही. तो अध्यक्षांच्या ऑफिसातून आला. रविवारी ऑफिस बंद होतं, म्हणजे कुणीतरी तो या घरात आणला. परकं कुणी आलं नाही. पण तीन ताटं वाढली गेली, आणि तू ड्युटीवर होतीस."

आईने पदर तोंडावर धरला. जावयाने मान वर केली नाही.

"अध्यक्ष म्हणाले, सह्या तुझ्या आहेत, आत तू जाशील," तो म्हणाला. "फाइल त्यांनी माझ्याचकडून जाळून घेतली. मी बाबांच्या पाया पडलो. निवडणूक झाली की सगळं मिटवतो, असं अध्यक्ष म्हणाले होते. बाबा असे जातील हे... मला माहीत नव्हतं गं."

मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली.

"त्यांनी लिहून दिलं, तुझा संसार वाचावा म्हणून," ताई म्हणाल्या. "पण आकड्यात एकोणसाठ घातले आणि अक्षरात एकोणपन्नास. तुझ्या नवऱ्याने नुसता आकडा तपासला. आकडा आणि अक्षर जुळत नाही तो कागद रद्द, हा त्यांचा स्वतःचा नियम. तेहतीस वर्षांत जी चूक केली नाही, ती त्यांनी त्या दिवशी मुद्दाम केली. तुला वाचवलं, आणि परतीची वाटही ठेवली. वापरायची की नाही, ते तुझ्यावर सोडलं."

"रविवारी दुपारी बाबांचा फोन आला होता," मुलगी हळूच म्हणाली. "विचारलं, संसार बरा चाललाय ना गं? माझ्या वॉर्डात गडबड होती. मी म्हटलं, मस्त चाललाय बाबा, ठेवते." तिचा आवाज फुटला. "एवढंच बोलले मी. तेवढ्यावर त्यांनी लिहून दिलं."

भावोजींना पुढचं दिसेनासं झालं. चष्मा पुसून उपयोग नव्हता.

"हरकत अर्ज दिलास तर पेन्शन सुटेल," ताई म्हणाल्या. "पण मग चौकशी सह्यांपासून सुरू होईल. अध्यक्षांची सही कुठेच नाही. ते सापडायचे तर यांनीच तोंड उघडायला हवं. मी आग्रह करणार नाही, बाळ."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने हात जोडले, पण कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

"द्या अर्ज," मुलगी म्हणाली.

ती सावकाश लिहीत गेली. 'मृताशी नाते' या रकान्यात तिने चटकन लिहिलं, मुलगी. त्याखाली होतं, 'ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याशी नाते.' तिथे पेन थांबलं. नवरा उठला, तिच्याजवळ येऊन जमिनीवर बसला आणि म्हणाला, "लिही. मी सगळं सांगेन."

तिने डोळे पुसले नाहीत. कागद ओला होऊ नये म्हणून तो जरा लांब सरकवला आणि लिहिलं, पत्नी.