चारशे सतरा नंबरची छाया

प्रयोगशाळा म्हणावी अशी ती जागा नव्हतीच. धरमपेठेतल्या एका मिठाईच्या दुकानावरची लांबट खोली, खालून येणारा तुपाचा वास आणि समोर भिंतभर पडदा. पडद्यावर एक रिकामा फ्लॅट दिसत होता. त्यात माणसाच्या आकाराची एक करडी छाया फिरत होती. तिला चेहरा नव्हता, कपडे नव्हते. ती स्वयंपाकघरात गेली, ओट्यापाशी थांबली आणि खिडकीकडे वळली.

"बाप्पा! सकाळी सकाळी भूत काहून दाखवता मॅडम?" प्रभंजन ठवकर म्हणाला.

"भूत नाही, तुमचं गिऱ्हाईक आहे," डॉ. मंजिरी वझलवार म्हणाल्या.

प्रभंजन नागपुरात अठरा वर्षं घरांची दलाली करत होता. इंटरनेटवरून गिऱ्हाईक पटवायचं त्याचं तंत्र म्हणजे चार हजार लोकांना रोज गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवणं. त्यातल्या तीन हजारांनी त्याला ब्लॉक केलं होतं. उरलेले हजार बहुधा फोन बघतच नसावेत.

"माणूस नेटवर घरं बघतो," मंजिरीबाई सांगू लागल्या, "तेव्हा कुठल्या फोटोवर किती वेळ थांबला, काय मोठं करून पाहिलं, कुठून परत फिरला, याचा माग राहतो. त्याशिवाय तो दिवसभर काय शोधतो, काय वाचतो, तेही सगळं आलंच. त्या मागावरून आम्ही त्याच्या निवडीच्या सवयींचा साचा बनवतो. त्याला म्हणतो छायामन. जाहिरातीतल्या प्रत्येक घराची त्रिमित प्रत आमच्याकडे आहे. छायामन त्यांत सोडून द्यायचं. एका दिवसात ते सातशे घरं फिरतं. जिथे रमतं, ते घर तो माणूस घेणार."

"आणि त्या माणसाले हे माहीत असते?"

"आपल्याला घर बदलायचंय, हेसुद्धा त्याला अजून धड माहीत नसतं. माग रोज नवा जोडला जातो, जुना पुसट होतो. आज माणूस बदलला की दोन दिवसांत छाया बदलते. ज्याच्या नावावर फोनची जोडणी, त्याचं नाव आणि पत्ता तुम्हाला मिळेल. दुसरा कोणी पोचायच्या आत तुम्ही पोचायचं."

प्रभंजन पोचू लागला. गिऱ्हाइकाला तो एकच घर दाखवायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं, अगदी असंच हवं होतं हो! पाच महिन्यांत बेसा रोडवरच्या बाकीच्या दलालांच्या पोटात दुखायला लागलं. ठवकरला मनातलं कळतं, अशी बोलवा झाली. त्याला ती मनापासून आवडली. खोटं कशाला बोला?

मग चारशे सतरा नंबरची छाया आली.

सातशे घरांतून ती एकाच घरात गेली. हिंगणा रोडवरचं, चौथ्या मजल्यावरचं, एका खोलीचं घर. आत आल्याबरोबर तिने दाराची कडी लावली. हलवून पाहिली. परत लावली. मग ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, जणू काही ऐकत होती. शेवटी ज्या कोपऱ्यातून दार दिसतं, त्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर बसली आणि तिथून हललीच नाही. बाकीच्या छाया बाल्कनीत जायच्या, देवघराची जागा बघायच्या. हिने ओट्याकडेही पाहिलं नाही.

तीन दिवस ती तशीच बसली होती. प्रभंजनला ते बघून अंगावर काटा यायचा. पण बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

"मॅडम, याले भीती वाटून रायली का?"

"छायेला भीती वाटत नाही. फक्त सवय असते."

"मंग माणसाले वाटत असेल."

जोडणी नरहर हेडाऊ या नावावर होती. घाबरट, एकटा राहणारा म्हातारा असेल, असं प्रभंजनने ठरवून टाकलं. अशा माणसाला भक्कम दाराचं घर मिळवून दिलं तर पुण्यही पदरात पडेल.

हेडाऊ मात्र पंचेचाळिशीचा, हसतमुख, उंचापुरा गृहस्थ निघाला. तीन बेडरूमचं स्वतःचं घर. पुढच्या खोलीत त्याने प्रभंजनला बसवलं. आतून बायको पाणी घेऊन आली, ट्रे ठेवून दाराशी उभी राहिली. आपल्याकडे घराची बोलणी घरच्या पुरुषाशीच करायची, बाईने पाणी द्यायचं, ही रीत. अठरा वर्षं प्रभंजनही तिच्याप्रमाणेच चालत आला होता.

"साहेब, तुमच्या मनातलं घर सापडलं!" असं म्हणून त्याने मोठ्या झोकात फोनवर छायेची फीत लावली. "पाहा. एक खोली, एकटं राहायले फस्कलास."

हेडाऊने फीत पाहिली. कडी लावणारी, कोपऱ्यात बसणारी छाया पाहिली. "एकटं?" तो हसला. "मी काहून एकटा राहू भाऊ?"

त्याच वेळी प्रभंजनची नजर वर गेली. दाराशी उभी असलेली बाई भिंतीला पाठ लावून उभी होती. तिचे डोळे बाहेरच्या दाराच्या कडीवर होते.

अरे गाढवा! फोन नवऱ्याच्या नावावर असतो. गॅस, वीज, घर, सगळं त्याच्याच नावावर. म्हणून काय फोन हातात धरणाराही तोच असतो?

"सॉरी साहेब, पत्ता चुकला वाटते," तो घाईघाईने उठला. "दुसरेच हेडाऊ होते. वर्ध्याचे." हिंगणा रोडच्या घराचा पत्ता सांगितला नव्हता, एवढं तरी नशीब.

"होतं असं," हेडाऊ म्हणाला आणि त्याला चहाचाही आग्रह केला.

प्रभंजन जिन्याच्या वळणावर पोचला, तोच कचऱ्याची बादली घेऊन बाई मागे आली. मनगटावर पिवळे पडलेले वळ होते.

"ते घर कोणाले देऊ नका," ती न थांबता पुटपुटली. "मी प्रणिता. पुढच्या शुक्रवारी दुपारी येते. फोन करू नका."

"ताई, पोलिसात..."

"गेली होती मी. त्यांनी यांनाच बोलावून माझा ताबा दिला."

प्रभंजनने घरमालकाला गळ घातली आणि घर धरून ठेवलं. दोन किल्ल्यांचा जोड तिथल्या चौकीदाराकडे दिला. शुक्रवारी दुपारी प्रणिताबाई म्हणून येतील, त्यांना द्यायचा, एवढंच सांगितलं. आपल्या हातून झालेली चूक आपणच निस्तरतोय, असं त्याला वाटलं. कितीतरी दिवसांनी त्याला शांत झोप लागली.

पुढल्या आठवड्यात छाया बदलली. सोमवारी तिने कडी लावली नाही. मंगळवारी ती कोपऱ्यात बसली नाही. बुधवारी खोलीभर ऐटीत फिरली, मोरीत डोकावली, खिडकीतून खाली पाहिलं. प्रभंजन हरखला. ताईची भीती गेली! घर आपलं झालं, म्हणून मोकळी फिरतेय.

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास तो मुद्दाम पेढे घेऊन प्रयोगशाळेत गेला. पडद्यावर छाया दाराच्या मागे उभी होती. आतल्या बाजूला, दार उघडलं की झाकली जाईल अशा जागी. अजिबात हलत नव्हती.

"पाहा मॅडम, ताई कशी बदलली!"

मंजिरीबाईंनी पेढा हातातच धरला. त्यांनी मागाची नोंद उघडली आणि खुर्चीत पुढे सरकल्या.

"ठवकर, माणूस इतका बदलत नाही. सवयी बदलायला वर्षं लागतात. रविवारपासून टाइप करण्याची गतीसुद्धा वेगळी आहे. फोन दुसऱ्या कोणाच्या हातात आहे." त्यांचा आवाज बारीक झाला. "त्याने तिने पाहिलेली घराची जुनी जाहिरात उघडलीय. या एका घराची त्रिमित प्रत त्याने चाळीस वेळा फिरवून पाहिलीय. आणि जास्तीत जास्त वेळ थांबलाय तो दाराच्या मागच्या जागेवर."

छाया त्या माणसाची असते, ज्याच्या हातात फोन असतो. आणि छाया जिथे रमते, तिथे माणूस जातोच. पाच महिने प्रभंजनने यावरच तर पोट भरलं होतं.

त्याने चौकीदाराला फोन लावला. प्रणिताला लावता येत नव्हता. तिच्याकडे फोनच नव्हता.

"किल्ल्या? एक तं कालच नेली साहेब," चौकीदार म्हणाला. "ताईंचे मिस्टर आले होते. लय चांगले हायेत. म्हणे, बायकोले सरप्राइज द्याचं हाय, सांगू नको. ताई आज दुपारी येतील म्हणून मीच सांगतलं, तं सकाळीच वर गेले ते."

"आणि ताई?"

"त्या आत्ताच आल्या ना. दुसरी किल्ली देल्ली मी. जिन्यात असतील."

"धाव! अरे, धाव वर! थांबव त्यांना! आवाज दे!"

चौकीदार समजुतीच्या सुरात बोलला.

"काहून साहेब? नवरा-बायको हायेत ते. आपण काहून मधात पडाचं?"