चौथ्या रकान्यातला रस्ता

सुनेत्राला शांतता हवी होती, आणि ती मिळवायची तर एका दिवसात साठ किलोमीटर सायकल चालवून दाखवायची होती. दाखवायची कुणाला? तर स्वतःलाच. अट तिची तिनेच घातली होती.

कुवेतच्या एका इस्पितळात, अतिदक्षता विभागात, ती बावीस वर्षं नर्स होती. म्हणजे बावीस वर्षं मॉनिटरचं टुकटुक. ड्यूटी संपवून फरवानियाच्या फ्लॅटवर यावं, तर खाली बसचे हॉर्न, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही, आणि कानात पुन्हा तेच टुक, टुक, टुक. झोपेतसुद्धा तिचा हात अलार्मचं बटण दाबायला उठायचा. ती या आवाजाला विटली होती.

अशात संग्रामने तिला एक फोटो दाखवला. संग्राम सातारचा, मिरकाबच्या एका बँकेत संगणकाचं काम करणारा, अडतीस वर्षांचा आणि उत्साहाने ओसंडणारा. फोटो होता ऑस्ट्रियातल्या एका दरीचा. नदीकाठाने आठ दिवसांची सायकलवाट, तिच्यावर मोटारींना मज्जाव, आणि आवाज म्हणाल तर पाण्याचा आणि गाईंच्या गळ्यातल्या घंटांचा. जायचं जूनमध्ये, व्हिसाचे कागद या रविवारी द्यायचे होते. एक्कावन्न वर्षांच्या सुनेत्राने आपल्या गुडघ्यांचा विचार केला आणि म्हणाली, "वाळवंटातला, मुतलाच्या पलीकडचा तो कडा सायकलने गाठून त्याच दिवशी परत आले, तर माझं नाव लाव. नाही आले, तर पुन्हा विषय काढायचा नाही."

म्हणून मार्चमधल्या एका शुक्रवारी, पहाटे पाचला, तिघं निघाली. तिसरा तौफीक, श्रीवर्धनचा. तिच्याच इस्पितळात यंत्रं दुरुस्त करायचा. पिकअप त्याचा होता, पाने-पकडी त्याच्या होत्या, आणि वाळवंटाबद्दलची भीतीही एकट्या त्याच्याकडेच होती. त्याने एकच नियम घातला: चाकांच्या खुणा सोडून एक पाऊलही बाहेर टाकायचं नाही. जुन्या लढाईतले सुरुंग वाळूत अजून कुठे निजले असतील, कुणी सांगावं! सुनेत्रा रात्रीची ड्यूटी उरकून तशीच आली होती. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

डांबर संपलं तिथे पिकअप उभी केली, सायकली उतरवल्या आणि सव्वासहाला तिघं पूर्वेकडे निघाली. सकाळ थंड होती. वाट खडीची आणि सपाट. वारा पाठीशी होता, त्यामुळे पायांना फारसं काही करावं लागत नव्हतं. दर थोड्या अंतरावर हिवाळ्यात मुक्कामाला येणाऱ्या कुवेती कुटुंबांचे तंबू होते आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटांचा नुसता गुंता होता. फोनवरचा नकाशा इथे कामाचा नव्हता; आपला निळा ठिपका कधी समुद्रात उडी मारायचा, कधी सीमा ओलांडायचा. म्हणून संग्रामने खुणा लिहून ठेवल्या: लाल पट्ट्यांचा तंबू, तिथे डावीकडे. पांढरी टाकी, सरळ. झोपाळ्याचा तंबू, पुन्हा डावीकडे. तंबूंपाशी रिकामे ट्रक लागलेले होते. संग्राम म्हणाला, शुक्रवार आहे, लोक सहलीला आले असतील. रिकामे ट्रक घेऊन सहलीला कोण येतं, हे तिघांपैकी कुणालाही सुचलं नाही.

सुनेत्राही लिहीत होती, पण वेगळंच. वॉर्डात असते तशी छोटी वही, चार रकाने: वेळ, किती प्यायलं, लघवी झाली का, आणि बेड नंबर. बावीस वर्षांची सवय. माणसं दिसली की हिचा हात चार्ट भरणारच! इथे बेड नव्हते, म्हणून चौथ्या रकान्यात ती जागा लिहायची. सात वाजून पाच, तौफीक, तीन टायरांच्या मागे. सात पन्नास, सुनेत्रा, सिमेंटच्या फुटक्या पाइपामागे. आठ चाळीस, तौफीक, गंजक्या ट्रकच्या सांगाड्यामागे. दोघं तिला हसत होते. तिलाही आपलं हसू येत होतं, पण लिहिल्याशिवाय तिला चैन पडलं नसतं.

साडेनऊला सव्वीस किलोमीटर झाले. पाय भरून आले होते, पाठ दुखत होती, पण गुडघे बोलत नव्हते. चारच किलोमीटर उरले होते. कड्यावरून खाली आखात आणि पाण्यापलीकडे शहराचे मनोरे दिसतात म्हणे. सुनेत्राला आतून खात्री वाटू लागली की आपण पोचणार.

पाणी पिऊन तिने लिहायला वही उघडली आणि तिचा हात थांबला. संग्रामच्या नावापुढे सकाळपासून दोनशे मिली पाणी, आणि तिसरा रकाना कोरा. पुढारी ना तो! थांबायची लाज, मागे पडायची लाज, दर वेळी "मला नको, तुम्ही घ्या." तिने त्याच्या कपाळाला हात लावला. तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही.

"चारच राहिलेत, ताई," तो जड जिभेने म्हणाला. "तुम्ही पास होताय."

"संग्राम, आज वार कोणता?"

त्याने विचार केला. बराच वेळ केला. "रविवार."

सुनेत्राने एकदा पूर्वेकडे पाहिलं. कडा दिसत नव्हता, फक्त आकाश जरा खाली आल्यासारखं वाटत होतं. "तौफीकभाई, मागे फिरायचं," ती म्हणाली, आणि तिने सायकल वळवली.

वळल्यावर कळलं, की पाठीवरचा वारा आता तोंडावर होता. शिवाय वायव्येला क्षितिजावर एक तपकिरी भिंत उभी राहिली होती. तौफीक पुटपुटला, "शमाल." हा इथला उत्तरेचा वारा, आला की धुळीशिवाय येत नाही. दुष्काळात तेरावा महिना!

पहिल्या फाट्यावर तिघं पोचली तेव्हा झोपाळ्याचा तंबू तिथे नव्हता.

तंबू नव्हता, झोपाळा नव्हता, ट्रक नव्हता. होता तो साफ केलेला एक चौकोन, थोडी राख आणि लहान मुलाची एक चप्पल. तंबूंचा हंगाम मार्चच्या मध्याला संपतो आणि त्या दिवशी सगळं उठवावं लागतं, हे कुवेतमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते वॉर्ड, फ्लॅट आणि बस यांच्या पलीकडे कधीच न गेलेल्यांना. संग्रामचा सगळा नकाशा ट्रकमध्ये चढून घरी गेला होता!

आणि भिंत कोसळली. एका क्षणात सूर्य विझला. दात, डोळे, कान, सगळीकडे धूळ! दहा पावलांपलीकडचं दिसेना. तौफीकने मदतीसाठी फोन लावला. लागला. पलीकडच्या माणसाने विचारलं, कुठे आहात? आता काय सांगणार, जिथे तंबू होता तिथे? तेवढ्यात फोन तुटला आणि पुन्हा लागला नाही.

समोर दोन वाटा होत्या. अंदाजाने त्यांनी डावी धरली. सायकलवर बसणं शक्यच नव्हतं. सुनेत्रा सायकल ढकलत पुढे, संग्राम मधे, त्याची सायकलही ओढत तौफीक मागे. तिने आपल्या पिशवीतलं मीठसाखरेचं पाणी संग्रामला घोट घोट पाजलं. अर्धा तास गेला. पाऊण तास गेला. तिने ओढणीच्या आडोशाला वही उघडली. तंबू गेले होते. पण तिच्या चौथ्या रकान्यात एकही तंबू नव्हता. लोकांच्या तंबूमागे कोण जाऊन बसेल? तिथे होते टायर, पाइप, सांगाडा. कुणालाही नको असलेल्या वस्तू, म्हणून जागच्या जागी असलेल्या!

"मघाशी सांगाड्यापासून झोपाळ्यापर्यंत पंधरा मिनिटं लागली होती," ती तौफीकच्या कानाशी म्हणाली. "आता चालत, वाऱ्यातून, चाळीस धरा. पंचेचाळीस झाली. ही वाट नाही."

"परत जायचं, सिस्टर?" तौफीकचा आवाज रडवेला झाला होता.

"परत."

ती पाऊण तासाची वाट परत तुडवताना सुनेत्राला प्रत्येक पाऊल उचलून ठेवावं लागत होतं. वाटेत खाली बसावं आणि उठूच नये, असं तिला तीनदा वाटलं. राखेच्या चौकोनापाशी त्यांनी उजवी वाट धरली. दहा मिनिटं. वीस. तीस. काही नाही! पस्तीस. आणि धुळीतून एक गंजका दरवाजा पुढे आला. ट्रकचा सांगाडा! तौफीकने त्याच्या पत्र्यावर हात ठेवला आणि जुना मित्र भेटावा तसा क्षणभर तिथेच उभा राहिला.

तिथून पाइप. जाताना पन्नास मिनिटं, आता दोन तास. पुढच्या फाट्यावर त्यांनी पुन्हा तसंच केलं, वही पाहून, घड्याळ पाहून. संग्राम दोनदा पडला. दुसऱ्यांदा तो म्हणाला की मला इथेच ठेवा. सुनेत्राने त्याला वॉर्डातल्या हट्टी पेशंटला धरतात तसा काखेत हात घालून उठवलं. बोलायला तोंडात थुंकी नव्हती.

पाइप कमरेएवढा उंच होता. तिघं आत शिरली आणि वारा एकदम बाहेर राहिला. सुनेत्राने संग्रामचं डोकं मांडीवर घेतलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं, आणि दर पाच मिनिटांनी दोन घोट, दर पाच मिनिटांनी दोन घोट. वाजले किती ते लिहीत राहिली. तौफीक भिंतीला टेकून झोपला. तिला झोपायचं नव्हतं. डोळे मिटले की ती दचकून वही बघायची.

दीड तासाने संग्राम उठून बसला. आज शुक्रवार आहे ना, असं त्याने विचारलं. मग जरा अवघडून म्हणाला, "ताई, मी जरा पाइपामागे जाऊन येतो."

सुनेत्राच्या डोळ्यांत पाणी आलं. बावीस वर्षांत तिने असले हजारो आकडे लिहिले असतील; एकावरही ती कधी रडली नव्हती. तिने पेन्सिल उचलली आणि लिहिलं: चार वाजता, संग्राम, झाली. चौथ्या रकान्यात: सिमेंटचा फुटका पाइप.

वारा पडला तशी ती बाहेर आली. सगळं पिवळं आणि निपचित होतं. पक्षी नाही, गाडी नाही, माणूस नाही. ती ऐकत उभी राहिली. कानात टुकटुक नव्हतं. कधी थांबलं, तेही तिला आठवेना. थकवा मात्र इतका होता, की आनंद व्हायलासुद्धा अंगात जोर नव्हता.

तीन टायर वेळेवर भेटले. सूर्य टेकला तेव्हा पिकअप दिसली, धुळीने माखलेली, पण होती तिथेच. तौफीकने सायकली चढवल्या. संग्रामने सुनेत्राला पुढचं दार उघडून दिलं.

"ताई, माझ्यामुळे कडा राहिला तुमचा," तो म्हणाला. "अट मोडली."

"कडा काय, तंबू थोडाच आहे? पुढच्या वर्षीही असेल तिथेच." सुनेत्रा पुढच्या सीटवर कशीबशी चढली. "रविवारी माझं नाव लाव. तुला त्या दरीत एकटं सोडण्यात अर्थ नाही. आणि वही माझ्याकडे राहील."

तौफीकने गाडी चालू केली. लगेच आत टुक, टुक, टुक सुरू झालं. सुनेत्राचा हात सवयीने बटण शोधायला उठला, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिने सीटचा पट्टा ओढून लावला. आवाज थांबला, आणि डांबर लागायच्या आत ती झोपली होती.