आतल्या खोलीतला फोन

मच्छिंद्रचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. जालन्यात कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरणाऱ्याला मोडेमच एवढे छळतात की आणखी भुतं कशाला हवीत? त्या रविवारी सकाळी एसटीने तो अंबडला आला, तोही जयवंताबाईंच्या घरचा असाच एक हट्टी मोडेम बघायला.

बाईंचा मुलगा संपत सहा वर्षांपासून अमेरिकेत होता. त्याला मुलगी झाल्याची ई-मेल चार दिवसांपूर्वी आली होती, पण सोबतचा तिचा पहिला फोटो उतरण्याआधीच लाइन तुटली होती. तेव्हापासून मोडेम लाइन पकडेना, म्हणून आजीला नात दिसेना. बाई रोज खुर्ची ओढून कोऱ्या स्क्रीनसमोर बसायच्या. ते ऐकून मच्छिंद्रला वाईट वाटलं.

त्याने मोडेम बंद करून पुन्हा चालू केला, वायर बदलली, सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. दिवे लागले, बाकी ढिम्म. मग त्याने टेबलावरचा फोन कानाला लावला. डायल टोन नव्हता. पण लाइन मेलेलीही वाटत नव्हती. पलीकडे कुणीतरी गप्प उभं असावं, अशी ती शांतता होती.

"मावशी, ह्याच लाइनवर घरात दुसरा फोन हाये का? तो उचललेला राह्यला की मोडेम लागत न्हाई."

"आतल्या खोलीत हाये. ह्यांचा." बाई जरा थांबल्या. "संपत न विचारता गेल्ता, म्हणून हे त्याच्याशी कधी बोलले न्हाईत. पण रविवारी त्याचा फोन आला की आत जाऊन हळूच उचलायचे. नुसतं ऐकायचे. दिवाळीत गेले... तवापासून खोली बंदच हाये."

मच्छिंद्रने कडी काढली. आत तपकिरीचा वास होता. रिसीव्हर उशीवर काढून ठेवलेला होता. त्याने तो उचलला, तर कोमट लागला. उन्हानं तापला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. खिडकी बंद होती.

रिसीव्हर जागेवर ठेवल्याबरोबर बाहेरचा मोडेम किंचाळून जोडला गेला. फोटो वरून एकेक पट्टी उतरू लागला. जावळ, कपाळ, भुवया... आणि लाइन तुटली.

"परत उचलला," जयवंताबाई हळूच म्हणाल्या.

मच्छिंद्रच्या अंगावर काटा आला, पण हात धंद्याला सरावलेले. त्याने भिंतीवरची डबी उघडली आणि आतल्या खोलीकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी स्क्रूतून सोडवल्या. आता तो फोन म्हणजे नुसतं खेळणं. त्याने टेबलावरचा फोन पुन्हा कानाला लावला. तीच शांतता. आणि त्यात, अगदी सावकाश, कुणाचा तरी श्वास...

त्याचा चेहरा बघून बाई उठल्या. आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"अहो, ह्याच्यात संपतचा आवाज नसतो. फोटो येऊन राह्यलाय. पोरीचं कपाळ बिलकुल तुमच्यावाणी हाये. ठेवा जरा."

आत रिसीव्हर ठेवल्याचा आवाज झाला. टोन आला.

फोटो पूर्ण उतरला. बाईंनी स्क्रीनच्या काचेवरून बोट फिरवलं आणि त्या रडू लागल्या. मच्छिंद्रच्या मनात भीती होतीच, पण त्या घटकेला ती मागे सरली. त्याने मोडेम बंद केला. सोडवलेल्या वायरी हातात घेतल्या, पण परत जोडाव्यात की नाही, हे त्याला ठरवता येईना. तेवढ्यात फोन वाजला.

बाईंनी उचलला. संपतच होता. जुन्या फोनमधून त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"आई, अण्णा गेल्यापासून फोन करायचं मनच होईना. म्हणून मेल पाठवून राह्यलो. ते तिकडून ऐकायचे, मला म्हाईत होतं. मी त्यांच्यासाठीच मोठ्यानं बोलायचो."

बाईंनी डोळे पुसले. त्याच रिसीव्हरमधून, पण फार जवळून, कुणीतरी खाकरलं.

"नाव काय ठेवलं रे पोरीचं?"

"अण्णा?" अमेरिकेतून संपतने विचारलं. जयवंताबाईंनी मच्छिंद्रकडे पाहिलं. सोडवलेल्या दोन्ही वायरी अजून त्याच्या हातात होत्या.