इस्तंबूलचे पाच दिवस

“बाई, इस्तंबूलवर काय पुस्तक हाय का?”

शालननं मान वर केली. रहिमतपूरच्या वाचनालयात ती सहा वर्षं त्या टेबलामागं बसत होती. लोक रहस्यकथा मागत, पंचांग मागत, नाहीतर दुपारी नुसतेच पंख्याखाली बसायला येत. इस्तंबूल आजवर कुणी मागितलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालचा एप्रिल. बाहेर रस्ता ओस पडला होता. समोर उभा असलेला माणूस उंच, सावळा, पस्तिशीच्या आतबाहेरचा. सदरा घामानं पाठीला चिकटलेला, हातात रिकामी पिशवी.

“इस्तंबूल?”

“व्हय. तुर्कस्तानात हाय.”

“ते माहीत आहे मला. तिथं काय काम काढलंत?”

“फिरायचंय,” तो म्हणाला. कोरेगावला जाऊन यायचंय म्हणावं, इतक्या सहज!

शालनला हसू फुटलं. ते लपवायला तिनं घाईघाईनं रजिस्टर उघडलं... पण त्यानं पाहायचं ते पाहिलं होतं.

त्याचं नाव जोतीराम. मूळचा तासगावचा. आईवडील कधीच गेलेले, म्हणून रजेत थोरल्या बहिणीकडं, रहिमतपूरच्या बनुबाईंकडं उतरायचा. मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता.

“बारा वर्षांत सत्तावीस बंदरं बघितली बगा,” तो म्हणाला, “म्हंजे सत्तावीस ठिकाणचं कांदं-बटाटं बघितलं. भाजी घ्यायची, जहाजावर चढायचं. शेहर म्हनून काय बघितलंच न्हाई. ह्या खेपंला जहाज दुरुस्तीला इस्तंबूलच्या गोदीत लागनार हाय. पाच दिस मोकळं. म्हटलं, एकदा तरी मानसासारखं फिरावं. पर कुटं जायाचं, काय बघायचं... कोन सांगनार?”

गाव तिला शालनताई म्हणायचं. हा मात्र ‘बाई’ म्हणत होता, आणि शालनच्याही तोंडून नेहमीचं ‘दादा’ काही निघालं नाही. दोघांनीही ते मनात टिपून ठेवलं.

कपाटाच्या वरच्या फळीवर एका निवृत्त कलेक्टरानं देणगी दिलेली इंग्रजी पुस्तकं धूळ खात पडली होती. त्यातून शालननं एक प्रवासाचं पुस्तक काढलं. आत घडी घातलेला नकाशा होता. शालनचं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. एक पान वाचायला दोनदा शब्दकोश उघडावा लागायचा. पण दुसऱ्या दिवशी जोतीराम आला, तेव्हा तिनं नवी कोरी वही काढून ठेवली होती. पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं– दिवस पहिला.

मग रोज दुपारी तीन ते पाच, नकाशा मध्ये आणि दोघं दोन बाजूंना.

“आयासोफियाचं जुनं संग्रहालय सोमवारी बंद असतं, राजवाडा मंगळवारी, आणि छपराचा मोठा बाजार रविवारी. तुमचं जहाज कुठल्या वारी लागतंय, त्यावर सगळं अवलंबून आहे.”

“जहाज वार बघून लागत न्हाई, बाई.”

“मग मी दोन तऱ्हेनं लिहून देते. सकाळी लवकर निघायचं. राजवाड्यात सुलतानाचा मुदपाकखाना आहे, वीस मोठी धुराडी असलेला. तुम्हाला आवडेल.”

“सुलतानाकडं तरी कांदं कोन चिरायचं, ते बघून येतो.”

ती हसायची. घरी आल्यावर भाकरी थापताना आठवून पुन्हा हसायची, आणि मग आपल्याच हसण्याचा आवाज कानावर आला की गप्प व्हायची.

कारण शालनचं घर गप्पच होतं. पासष्टच्या लढाईत तिचा नवरा गेला, तेव्हा लग्नाला तीन महिने झाले होते आणि ती एकोणीस वर्षांची होती. माहेरच्यांनी न्यायला गाडी आणली. ती गेली नाही. सासू राहीबाई एकटी पडेल म्हणून राहिली. दोघी बायका दोन खोल्यांत नऊ वर्षं एकमेकींना जपत राहत होत्या. बोलण्यासारखं फार उरलं नव्हतं. संध्याकाळी शालन दाराशी बसून रस्त्यावरून जाणारी माणसं बघायची. त्यातलं कुणीही आपल्याकडं वळणार नाही, हे तिला माहीत असायचं.

मे महिना सरत आला. वहीत पाच दिवस भरले. शेवटच्या दुपारी जोतीरामनं वही हातात घेऊन चौथा दिवस मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

“सकाळी पुलाजवळच्या धक्क्यावरून नाव धरणे. नाव युरोपातून निघते आणि आशियात पोचते. वेळ वीस मिनिटं. उजव्या हाताला बसणे, म्हणजे राजवाडा दिसतो. नावेत काचेच्या पेल्यात चहा मिळतो. दोन चहा...” तो थांबला. “बाई, हितं दोन चहा लिवलंत.”

शालनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “चुकून झालं असेल.”

त्यानं पान उलटलं. “आनि हितं दोन तिकिटं.”

“द्या इकडं, खोडते.”

“नगं,” तो हळूच म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. मला वाटलं, आपल्याच एकट्याच्या मनात हाय... शालनबाई, बनुअक्कानं मला तुमचं सगळं सांगितलंय. मी तिला पाठवू का तुमच्या घरी, रीतसर?”

शालननं नकाशाची घडी घातली. ती चुकली, पुन्हा घातली.

“तुम्ही वर्षातले दहा महिने पाण्यावर,” शेवटी ती म्हणाली. “मी एकदा वाट बघितली आहे. पोस्टमन दिसला की छातीत धस्स व्हायचं, आणि एक दिवस तार आलीच. आता मला वाट बघायला लावणारा माणूस नको. एवढं समजून घ्या.”

जोतीरामनं मान हलवली. वाद घातला नाही. वही पिशवीत ठेवली, दारापर्यंत गेला, वळला.

“पत्र लिवलं तर चालंल?”



सुवेझचा कालवा त्या वर्षांत बंद होता. जहाज सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून जाणार होतं. तो गेल्यावर शालन भिंतीवरच्या जगाच्या नकाशाकडं पाठ करून बसू लागली. तरीही आत्ता तो कुठं असेल, हे तिला न बघता सांगता आलं असतं.

वीस जुलैला, शनिवारी संध्याकाळी, वाचनालयाच्या रेडिओवर बातम्या लागल्या. बाहेर भुरभुर पाऊस होता. तुर्कस्ताननं सायप्रसच्या बेटावर फौजा उतरवल्या. लढाई सुरू आहे.

अध्यक्ष भाऊसो पेपर बाजूला ठेवून म्हणाले, “कुटं का आसंना, लढाई ती लढाईच.” शालन रेडिओपाशी जाऊन उभी राहिली. नऊ वर्षांपूर्वी अशीच उभी राहिली होती.

एक आठवडा गेला. दोन गेले. पत्र नाही. तिसऱ्या आठवड्यात ती उठली आणि सरळ बनुबाईंच्या दारात गेली. विधवा बाई परक्या पुरुषाची खबर विचारायला त्याच्या बहिणीच्या दारात! शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. तिनं उघडू दिल्या.

“काय कळलं का त्यांचं?”

बनुबाईंनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. “न्हाई गं बाई. काय बी न्हाई.”

घरी आल्यावर शालन चुलीपुढं बसली. जाळ करायचं सुचेना. राहीबाई काठी टेकत शेजारी येऊन बसली.

“कोन हाय त्यो?”

“कुणी नाही, आत्या.”

“कुनी न्हाई, तर मग वाट कुनाची बघाय लागलीस?”

शालनला रडू आलं. इतक्या वर्षांचं आलं. रडत रडतच तिनं सगळं सांगितलं. वाट बघायची नाही म्हणून तिनं त्याला परत पाठवलं होतं, आणि त्या दिवसापासून एक दिवसही वाट बघितल्यावाचून गेला नव्हता.

राहीबाई बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. “माज्यासाटी ऱ्हायलीस, ह्ये ठावं हाय मला. पर मी तुला कवा म्हनलं व्हतं, ऱ्हा म्हनून? पोरगा माजा गेला, तू बी त्याच्यासंगं गेल्यावानी नऊ वरसं बसलीस. ते बघताना मला काय ग्वाड वाटत व्हतं व्हय?”

“तुम्हाला सोडून मी...”

“आगं, नवरा दर्यावर म्हंजे तू ऱ्हानार कुटं? माज्यापाशीच की! मला तर ह्यो जावई लय पसंत पडला.”

ओल्या डोळ्यांनीच दोघी हसल्या.

पत्र ऑगस्टच्या अखेरीला आलं, वाचनालयाच्या पत्त्यावर. पाकीट फोडायला शालनला धीर होईना. भाऊसो चष्मा पुसायचं निमित्त करून बाहेर गेले.

‘शालनबाईंस नमस्कार. मी खुशाल हाय. पाच दिसांपैकी एकच दिस मिळाला. दुसऱ्या दिशी लढाई लागली, गावातलं दिवं बंद झालं, आमाला खाली उतरू दिलं न्हाई. टपालबी अडकलं. तो एक दिस मी चौथा घेतला, नावेचा. बाकीचं मानूस एकटं बघू शकतं. नावेत बसल्यावर मात्र बाजूला वळून काय तरी बोलावं वाटतं. मी वळलो. एक म्हातारं तुर्क व्हतं. मी त्यास्नी मराठीत सांगितलं, ह्यो राजवाडा, ह्यो सुलतानाचा मुदपाकखाना. ते त्यांच्या भाषेत कायबाय बोललं. मला काय कळलं न्हाई, त्यास्नी बी कळलं नसंल. पर ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. हजार मानसांत लय एकटं वाटलं बगा. आता सांगलीत एका हाटेलात जागा हाय म्हनं. बारा वर्सं पान्यावर काडली, सोडताना जड जाईल. पर तुमी म्हनाल तर जहाज सोडतो.’

शालननं पत्र तीनदा वाचलं. उत्तर मात्र दोनच ओळींचं लिहिलं– रजा मिळाली की या. बाकी समक्ष.

तो डिसेंबरात आला. रहिमतपूर स्टेशनावर सकाळची गाडी थांबली, तेव्हा थंडीनं धुकं रुळांवर उतरलं होतं. जोतीराम ट्रंक घेऊन उतरला आणि जागीच थबकला. बनुअक्का येईल असं वाटलं होतं. लिंबाखाली शाल गुंडाळून शालन उभी होती. तो बारीक झाला होता. कानशिलावरचे चार केस पांढरे झाले होते.

“तुमी... एकट्याच?”

“हो.”

गाडी निघून गेली. फलाटावर दोघंच उरली.

“हाटेलवाल्याला मी अजून कळवलं न्हाई,” तो घाईनं म्हणाला. “तुमी म्हनला तर उद्याच्याला सांगलीला जाऊन...”

“जहाजावर परत कधी जायचं आहे?”

“मार्चात. पर मी जानार न्हाई, तुमी नगं म्हनला तर...”

“जायचं,” शालन म्हणाली. तिनं डोळे खाली केले नाहीत. “तुम्हाला पाणी सोडवणार नाही, माहीत आहे मला. मी बघीन वाट. ती काही सोपी नाही... पण ती मला येते.” मग इतकी वर्षं रजिस्टरात जपलेली शुद्ध भाषा तिच्या हातून निसटली. “पर मार्चाच्या आदी लग्न उरकाय पायजे. आत्या रोज इचारत्यात.”