रिकाम्या खुर्चीवरचा पट्टा

ही घटना खरी आहे. खोटी असती, तर साक्षी सिस्टरला आज सुखाची झोप लागली असती.

आष्ट्याजवळच्या एका गावातलं आरोग्य उपकेंद्र. मागच्या मे महिन्यातला मंगळवार, भर दुपार. भुतांना अमावास्याच लागते असं कुणी सांगितलं?

मंगळवारी गरोदर बायकांची तपासणी असते. रंगूबाई धाकट्या सुनेला, शिवांजलीला घेऊन आल्या. आठवा महिना. थोरली सून रेश्मा दोनच महिन्यांपूर्वी, आठव्यातच, झटके येऊन गेली होती. पोटातल्या बाळासकट.

तेव्हा बीपीचं मशीन बंद होतं. कार्डावरची जागा रिकामी कशी ठेवायची, म्हणून साक्षी सगळ्यांचंच एकशे दहा-सत्तर लिहून मोकळी व्हायची. रेश्मा डोकं दुखतंय म्हणाली, तर ‘ऊन लागलं असंल’ म्हणून तिला गोळी दिली.

हे गावात कुणालाच माहीत नव्हतं.

आता नवं मशीन आलं होतं. साक्षीनं शिवांजलीच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा आला...

एकशे दहा, सत्तर.

कार्डांवर ती मनानं लिहायची, नेमका तोच.

शिवांजली उठून दारात उभ्या सासूकडे गेली. सोडलेला पट्टा खुर्चीवरच राहिला.

आणि... मशीन आपोआप घरघरलं.

पट्टा फुगू लागला. गोल, घट्ट. आत कुणाचा तरी दंड असावा तसा...

एकशे ऐंशी, एकशे वीस.

नाडी... शून्य.

"शिस्टर, डोकं लय दुखतंय वं..."

आवाज खुर्चीतून आला होता.

"हिला आजच सांगलीला न्या," साक्षी कशीबशी बोलली.

"आवं, मशीन तर चांगलं सांगतंय," रंगूबाई म्हणाल्या. "उगं भ्या कशाला दाखवतायसा?"

साक्षी रडली, हातापाया पडली, शेवटी स्वतः गाडीत बसून सोबत गेली. मोठ्या दवाखान्यात लघवीच्या तपासणीत दोष निघाला, म्हणून शिवांजलीला ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी तिचं बीपी एकाएकी चढलं. डॉक्टर हाताशी होते म्हणून निभावलं. मुलगी झाली. मायलेकी सुखरूप.

रंगूबाईंनी नात साक्षीच्या मांडीवर ठेवली.

"देवावाणी धावून आलासा, बाई. मशीन न्हाई म्हणत हुतं, तरी तुमास्नी कसं कळलं?"

साक्षी बाळाचं दुपटं सारखं करत राहिली.

रंगूबाईंनी पदरानं डोळे पुसले. "मग आमच्या रेश्माच्या टायमाला का न्हाई वं कळलं?"

"तिचं... मी मोजलंच नव्हतं, मावशी."

रंगूबाईंनी नात हळूच साक्षीच्या मांडीवरून उचलून घेतली.

रेश्मा जावेला वाचवायला आली होती, की साक्षीच्या तोंडून हे वदवून घ्यायला... साक्षीला अजून कळलेलं नाही.