स्तूप उजव्या हाताला

आई हरवली होती. म्हणजे आईच्या मते लेक हरवली होती, पण ते नंतर कळलं.

संध्याकाळची वेळ, स्तूपाभोवती माणसांचा संथ ओघ, अनवाणी पावलांची सरसर, आणि त्या सगळ्यातून ही प्रत्येक पांढऱ्या शालीखाली डोकावत निघालेली. फोन करावा तर तोही चपलांसारखाच फाटकाबाहेर जमा. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांची नजर तपासणारी मुलगी, आणि स्वतःची आई दिसेना म्हणून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दिव्याच्या खांबाशी एक उंच तरुण उभा होता. ती पुन्हा समोरून गेली तेव्हा त्याने हटकलं.

"एक सांगू? थांबा."

"माझी आई सापडत नाहीये, आणि थांबू काय?"

"म्हणूनच म्हणतोय. इथे सगळे स्तूप उजव्या हाताला ठेवून एकाच दिशेने चालतात. त्याही तुम्हाला शोधत तुमच्याच वेगाने पळत असतील, तर... तुम्ही दोघी नुसत्या एकमेकींच्या पाठीच राहाल. कुणीतरी एकीने थांबायला हवं."

उलटं फिरणं बरं दिसलं नसतं, प्रदक्षिणेचा तेवढा नियम तिलाही ठाऊक होता. ती गाल फुगवून थांबली. आणि खरंच, जरा वेळाने आई धापा टाकत आली. घरी दोन पायऱ्या चढताना गुडघ्यांच्या नावाने खडे फोडणारी आई इथे वाऱ्यासारखी धावत होती. "कुठे उलथली होतीस गं?" म्हणत तिने लेकीचं मनगट घट्ट धरलं, आणि लेकीला इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा निघाला. आजोबांना यात्रेला घेऊन आला होता. आजोबा एकदा ध्यानाला बसले की लवकर उठत नसत, त्यामुळे नातू मोकळा.

"वर्षभर माझं वर आणि खाली चाललेलं असतं," तो म्हणाला. "गोल फिरायची पहिलीच वेळ."

"चक्कर नाही येत?"

"आत्ता येतेय... थोडीशी," तो तिच्याकडे न बघताच म्हणाला.

ती लाजली नाही असं लिहिता येईल, पण कशाला उगाच खोटं बोला.

तिघं बरोबर चालू लागली. तिने सांगून टाकलं की आपण चष्म्याच्या दुकानात नजर तपासतो, इथे आईची काठी म्हणून आलोय, श्रद्धाबिद्धा आईच्या खात्यात. एवढ्या लांब येऊन माणसाला मिळतं काय, असंही विचारलं. त्याने आजोबांचं म्हणणं सांगितलं. जन्माची जागा, बोधीची, पहिल्या उपदेशाची आणि महापरिनिर्वाणाची, या चार जागा श्रद्धावानाने डोळ्यांनी पाहाव्यात असं खुद्द बुद्धांनी सांगून ठेवलंय. जागा काही देत नाही. ती पाहून आपलं मन आतून हलावं, एवढ्यासाठी यायचं.

"मग, हललं का तुमचं?"

"आजोबांचं हललं. माझं... बघतोय अजून."

पलीकडच्या बाजूला मोठ्या झाडाखाली आई थांबली. तिने पिशवीतून बाबांचा चष्मा काढला. ही यात्रा बाबांच्या मनात फार होती. निवृत्त झालो की जाऊ, निवृत्त झालो की जाऊ म्हणता म्हणता ते गेले. त्या चष्म्याच्या काचा लेकीनेच घासून बसवल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी आई त्याच्या काड्या उघडून तो स्तूपाकडे धरायची, म्हणजे त्यांनाही दिसेल. लोक बघायचे, कुणी हसायचं, आणि लेक मान वळवून दुसरीकडे बघायची. आजही तिने मान वळवली, तर हा गुपचूप बाजूला सरकत होता.

"माझी सावली पडत होती," तो म्हणाला. "त्यांना नीट दिसायला हवं."

सरळ सांगायचं तर त्याच घडीला तो तिला आवडला.

निघताना त्याने विचारलं, "उद्या सकाळी याल?"

"बघू," ती म्हणाली.

दुकानात फ्रेम न आवडलेली गिऱ्हाइकं जाताना 'बघू' म्हणतात आणि पुन्हा कधी फिरकत नाहीत. हे तिला खोलीवर गेल्यावर आठवलं, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. सकाळी नाश्ता झाला की त्यांची बस एका दिशेला निघणार होती, आणि त्याची बरोबर उलट्या. नाव नाही, पत्ता नाही.

उजाडताच ती स्तूपापाशी हजर. कोवळं ऊन पडलं होतं, फरशी अजून गार होती. ती भराभर चालली, चेहरे बघत, मागे वळत, पुन्हा चालत. तो कुठेच नव्हता. मग एकदम कालचं आठवलं आणि ती त्या दिव्याच्या खांबाशी जाऊन थांबली. कुणीतरी एकाने थांबायला हवं... येईल तो. माणसं येत होती, जात होती. आई शांतपणे पुढून गेली. फाटकाबाहेर बसचा भोंगा वाजला तशी ती टाचा उंचावून बघायला लागली. आपल्या एका शब्दामुळे हे हातचं गेलं, असं तिला अगदी खात्रीने वाटलं.

आई पुन्हा समोर आली, आणि थांबली.

"कुणाची वाट बघतेस ते विचारत नाही," ती म्हणाली. "पण तिकडे झाडाखाली एक जण अस्साच खांब होऊन उभा आहे. तू थांबल्यावर आला असेल, मागच्या फेरीलाही होता. दोघंही थांबलात तर भेटणार कसे, शहाण्यांनो? त्याला सांगून आलेय, हलायचं नाही. आता तू चालायला लाग. आणि उलटी धावू नकोस, लोक बघतायत."

ती चालली. स्तूप उजव्या हाताला ठेवून, नियमाने, पण पाय जमिनीवर ठरत नव्हते. झाडाखाली तो होता. खरंच होता. इतकं सुटल्यासारखं वाटलं की ती आधी हसलीच.

"मला वाटलं, खांबाशी भेटायचं," ती म्हणाली.

"मला वाटलं, चष्म्यापाशी."

"कालचं ते 'बघू'... ते 'हो' होतं. मला तुम्ही आवडलात. बस सुटतेय म्हणून घाईने सांगतेय."

त्याने एक लांब श्वास सोडला, रात्रभर धरून ठेवलेला असावा. "आजोबांची यात्रा पुरी झाली की तुमच्या दुकानात येतो. पत्ता द्या, नजर तपासून घ्यायचीय."

"दिसत नाही का नीट?"

"कालपासून एकच दिसतंय."

पुन्हा भोंगा वाजला. तिने वळून पाहिलं. आई जरा अंतरावर उभी होती, हातात बाबांचा चष्मा, काड्या उघडलेल्या. आज तो स्तूपाकडे धरलेला नव्हता, ह्या दोघांकडे होता. तिने या खेपेला मान वळवली नाही.

त्यानेही ते पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "माझी सावली पडतेय का मध्ये?"

"नाही," ती म्हणाली. "हलू नका."