मिठाचं पाणी

सतरा नंबरचा उंदीर प्रयोगशाळेच्या टेबलावरून जो सटकला, तो थेट जिना चढणाऱ्या एका पांढऱ्या कोटाच्या खिशात शिरला. उंदीर अशी उडी मारत नाहीत म्हणता? या उंदराने मारली. मागोमाग ती धावत आली... गळ्यात स्टॉपवॉच, केसांत पिंजऱ्यातला भुसा.

"तुमच्या खिशात माझा सतरा नंबर आहे."

"राहू दे की. रमलाय."

"तो ड्यूटीवर आहे!"

कोटातला माणूस नवा सुईवाला निघाला. तो टोचायचा, ती उंदरांची धावपळ मोजायची. काही उंदरांना तरतरी आणणारं औषध, काहींना अफूच्या जातीचं गुंगीचं, काहींना दोन्ही, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते फक्त त्याला ठाऊक आणि बंद पाकिटाला. तिला कळलं की मोजणी बाद! म्हणून तिने काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं.

"आज चहात काय घातलंत?"

"मिठाचं पाणी."

"आणि माझ्याकडे बघून हसलात ते?"

"मिठाचं... पाणी." कान मात्र लालबुंद.

तीन महिन्यांनी मोठ्या सरांनी पाकीट फोडलं आणि त्यांचा चेहरा पडला. दोन औषधं एकमेकांना मारतील, उंदीर गप्प बसेल, असं ते वर्षानुवर्षं शिकवत आले होते. पण दोन्ही घेतलेले उंदीर धावत, थबकत, पुन्हा उधळत... सगळ्यांत जास्त पळाले होते!

"कुठल्या उंदराला काय टोचलं, ते याने तुला आधीच सांगितलं," सर गरजले. "तुमचं काहीतरी आहे, सगळ्या मजल्याला माहीत आहे. नाही म्हण, तरच हे आकडे ठेवतो."

तिचं तीन महिन्यांचं काम त्या एका 'नाही'वर टांगलेलं. तिने स्टॉपवॉच काढून टेबलावर आपटलं.

"आहे, सर! माझ्याकडून तरी आहे. आणि आकडेही खरेच आहेत. दोन्हींतलं एकही खोडणार नाही. नवे उंदीर घ्या, सुया तुम्ही भरा, तुम्हीच टोचा. हे जिन्यात बसतील."

सर सुईवाल्याकडे वळले. "आणि तुझ्याकडून?"

बिचारा दचकला. सवयीने तोंडातून निसटलं, "मिठाचं पाणी!"

ती नवे पिंजरे आणायला तरातरा निघून गेली. आठवडाभर त्याच्याशी अबोला.

आठवड्याने सरांनी स्वतःचं पाकीट स्वतः फोडलं. उंदरांनी सरांची जराही भीड ठेवली नव्हती. धावत, थबकत, पुन्हा उधळत... तेच! सर चष्मा पुसत राहिले. मग पुटपुटले, "छापायला पाठव."

ती तशीच जिन्यात आली. तो पायरीवरून धडपडत उठला.

"आता पाकीट फुटलं," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "गुपित संपलं. खरं सांगा, मला काय दिलंत? तुम्ही दिसलात की पाय धावतात... आणि जवळ आलात की जागीच थिजतात."

त्याने हलकेच तिच्या केसांतला भुसा काढला.

"दोन्ही," तो म्हणाला. "आणि... मीही तेच घेतलंय."